बारा दाण्यांचा पाऊस

मानवजातीचा इतिहास म्हणजे पाण्याचा इतिहास. पाणी वळलं तशी राज्यं वळली, पाणी आटलं तशी शहरं ओस पडली, आणि ज्यानं पाण्याची नोंद ठेवली त्यानं खऱ्या अर्थानं काळाची नोंद ठेवली. आमच्या डोंगरापुरती ही नोंद एकतीस वर्षं मी ठेवली आहे. ती सध्या शिलाई मशीनच्या खालच्या खणात, जुन्या मोज्यांच्या गठ्ठ्याखाली आहे. वरच्या खणात बटणं असतात, आणि बटणं, हिचं म्हणणं, कधी ना कधी लागतात.

मी पोस्टमास्तर होतो. डोंगरावरच्या वस्तीत पोस्ट पुढच्या खोलीत, आम्ही मागच्या दोन खोल्यांत आणि अंगणाच्या मधोमध पर्जन्यमापक. पाऊस मोजायचं काम पोस्टाच्या नोकरीला शेपटासारखं जोडून आलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर नोकरी गेली तरी शेपूट राहिलं. काम सोपं. रोज सकाळी साडेआठला मापकाचं नरसाळं काढायचं, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. मोजपात्रात एका वेळी वीस मिलिमीटरच मावतात. पाऊस जास्त असेल तर ते भरून ओतायचं, पुन्हा भरायचं, आणि किती वेळा ओतलं ते लक्षात ठेवायचं. महिनाअखेरीस वहीची नक्कल खाली शहरातल्या कार्यालयात.

सोबत नियमांचं एक पुस्तक मिळालं होतं. त्यात लिहिलं होतं की मापकाच्या जवळ उंच काही असू नये, नाहीतर पाऊस अडतो आणि नोंद बिघडते. विज्ञानाच्या बाबतीत मी कडक. आल्या दिवशी हिनं अंगणात कपड्यांची दोरी बांधली, ती मी दुसऱ्या दिवशी सोडली. तेव्हापासून आमचे कपडे घरामागच्या बोळात, दोन भिंतींच्या मध्ये वाळतात, म्हणजे तसा प्रयत्न करतात. आमची मुलगी शाळा संपेपर्यंत दमट मोजे घालून वाढली. ती पुढे जलशास्त्रज्ञ झाली तेव्हा लोक म्हणाले, वडिलांचा वारसा. ही म्हणाली, मोज्यांचा.

तर ही मुलगी गेल्या रविवारी सकाळी नकाशांचं लांबलचक नळकांडं काखेत मारून घरी आली. आमचा ओढा डोंगर उतरून खालच्या शहरात शिरतो तिथे एक दगडी पूल आहे. पुलाशेजारच्या गल्लीत एक बेकरी, एक बालवाडी आणि तीसेक घरं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ओढ्याला पूर आला तेव्हा या गल्लीत माणसाच्या छातीइतकं पाणी चढलं होतं. भरदिवसा आला म्हणून माणसं वाचली. पाणी जिथवर चढलं तिथे बेकरीवाल्यानं पुलाच्या खांबावर लाल रेघ मारली आणि ती तो दर वर्षी नव्यानं रंगवतो. आता या साऱ्या पाणलोटाचा रीतसर अभ्यास व्हायचा होता. डोंगरावर किती पाऊस पडला तर पुलापाशी किती पाणी येतं, किती वेळात येतं आणि गल्लीत कुठवर चढतं. त्या अभ्यासाचा आराखडा आखायचं काम आमच्या मुलीला मिळालं होतं, तिचं पहिलं स्वतंत्र काम. बुधवारी दुपारी बारा वाजेपर्यंत आराखडा समितीकडे पोचायला हवा होता.

"शहरात बसून डोंगराचा आराखडा करायचा म्हणजे फोटो बघून दात काढण्यासारखं आहे," ती म्हणाली आणि जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर मिठाची बरणी, माझा चष्म्याचा डबा, पोळपाट आणि एक बटाटा.

"मोजणीबाई, जेवायचं कुठे?" हिनं विचारलं. मुलीला ही लहानपणापासून मोजणीबाई म्हणते. पायऱ्या, चमचे, आलेल्या पाहुण्यांची डोकी, दिसेल ते मोजायची.

"मांडीवर घेऊ ना ताटं, आई. चारच दिवस."

नकाशावर तिनं निळ्या पेन्सिलीनं डोंगरमाथ्यांवरून एक रेघ ओढली. या रेघेच्या आत पडलेला प्रत्येक थेंब शेवटी पुलाखाली येणार, बाहेरचा नाही. मग आतल्या भागाचे सात तुकडे पाडले. कुठे झाडी, कुठे उघडा खडक, कुठे गवत. नवी पर्जन्यमापकं कुठे बसवायची तिथे टिंबं दिली. दुपारी अंगणात लोखंडी कडं जमिनीत ठोकलं, त्यात पाणी ओतलं आणि घड्याळ घेऊन ते मुरायला किती वेळ लागतो ते पाहत बसली. तिच्या हिशेबानं सगळ्यात वरच्या कड्यावर पडलेला थेंब पुलापाशी पोचायला तीन तास वीस मिनिटं घेतो.

"आमच्या पोस्टाला चार दिवस लागायचे," मी म्हणालो.

"थेंबाला मध्ये चहाला थांबता येत नाही, बाबा."

संध्याकाळी तिनं लॅपटॉपवरून मान वर केली आणि कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे पाहिलं. "एक गंमत आहे. त्या पुराच्या दिवशी तुमच्याकडे एकशे सत्तेचाळीस मिलिमीटर पाऊस झाला ना?"

मी रेडिओच्या वर, भिंतीकडे पाहिलं. तिथे एक चौकट टांगलेली आहे. आत प्रशस्तिपत्रक. 'एका दिवसातील सर्वाधिक पर्जन्य, १४७ मि.मी., अचूक व प्रामाणिक निरीक्षणाबद्दल.' खाली एक सही आणि एक शिक्का.

"तसं लिहिलंय खरं," मी म्हणालो.

"मग डोंगरावर पडला त्यापेक्षा जास्त पाऊस ओढ्यातून वाहून गेलाय. एक थेंब मुरला नाही, एक थेंब कुठे अडकला नाही असं धरलं तरी पाणी लाल रेघेपर्यंत चढत नाही. पाच फूट कमी पडतं."

"रेघच वर सरकली असेल," मी म्हणालो. "दर वर्षी रंगवतो. माणूस आहे. रंगवताना हात जरा वर जातो. अठ्ठावीस वर्षं म्हणजे दर वर्षी दोनच इंच."

"पूल मोजलाय मी. रेघेखाली दगडात छिन्नीनं खूण केलीय त्यानं. रंगवणारा हुशार आहे."

"मग डोंगर मोजायला चुकली असशील."

"डोंगर तीनदा मोजला."

स्वयंपाकघरातून भांडी विसळायचा आवाज येत होता. तो थांबला. "आणि पाऊस?" हिनं आतूनच विचारलं.

"पावसाचा प्रश्नच नाही, आई. बाबांच्या वहीत चूक नसते." ती पुन्हा लॅपटॉपकडे वळली. "मला वाटतं, वरच्या घळीत तेव्हा दरड कोसळली असणार. पाणी अडून तळं झालं असणार, आणि ते फुटलं. म्हणून एवढा पूर. घळीत उतरून त्याच्या खुणा शोधायला लागतील. आठ दिवस, दोर लावून. आराखड्यात सातवं कलम तेच टाकते. मी आणि दाढी उतरू."

दाढी हा तिचा सहकारी. त्याला दाढी नाही. कधीतरी होती.

आमच्या घळीत माणसं उतरत नाहीत. तिथले दगड कुणी वर शिंकलं तरी सुटतात, बकऱ्यासुद्धा वळसा घालून जातात. मी ताट मांडीवर घेऊन बसलो होतो, पण भात नुसता चिवडत होतो. कारण त्या घळीत कुठलंही तळं फुटलेलं नव्हतं. हे डोंगरावर फक्त मला माहीत होतं, निदान माझी तशी समजूत होती.

झालं होतं ते असं. तेव्हा मला या नोकरीत तिसरं वर्ष होतं. महिन्याची नक्कल द्यायला मी शहरात गेलो आणि रस्ता वाहून गेल्यामुळे तिथेच अडकलो. चौथ्या दिवशी चालत वर आलो. घर उभं होतं, दोघी ठीक होत्या. मी दोघींना जवळ घेतलं आणि मग, मी तेव्हा कसा होतो हे कळावं म्हणून सांगतो, वही मागितली. पुराच्या दिवसापुढे हिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, २४७.

"हे काय?" मी विचारलं.

"पाऊस," ही म्हणाली. "बाटली भरून वाहिली होती. बाहेरच्या डब्यात उतरलेलं पाणीही मोजलं. बारा वेळा मोजपात्र भरलं, वर सात."

"बारा कशावरून?"

तर हिनं एक युक्ती केली होती. ओतताना आपली गल्लत होईल म्हणून पायरीवर मुलीला बसवलं, पुढ्यात वाटी आणि घेवड्याचे दाणे. आईनं एक पात्र ओतलं की लेकीनं एक दाणा वाटीत टाकायचा. शेवटी वाटीत बारा दाणे.

"पाच वर्षांच्या पोरीनं?" मी म्हणालो. "तिला दहाच्या पुढे येत नाही."

"तिला मोजायचं नव्हतंच. टाकायचे होते फक्त."

"मूठभर टाकले असतील. कुठे आहेत ते दाणे?"

हिनं घासून पालथ्या घातलेल्या पातेल्याकडे बोट दाखवलं. तीन दिवस रस्ता बंद, घरात दुसरं काही नाही. पुरावा मीठ घालून शिजवला गेला होता.

आधीचा विक्रम एकशे एकतीसचा होता. पुराच्या आदल्या वर्षी माझ्या एका साध्या आकड्यावर कार्यालयातल्या मोठ्या साहेबांनी 'वाचन संशयास्पद' असा शेरा मारला होता आणि मला चार दिवस अन्न गेलं नव्हतं. आता दोनशे सत्तेचाळीस पाठवायचे आणि विचारल्यावर सांगायचं, घेवड्यानं मोजले? ही दूध तापवत होती. मी ब्लेड घेतलं आणि दोन खरवडून तिथे एक लिहिला. पाच दाणे जास्तीचे ठरवले. एकशे सत्तेचाळीस हाही विक्रमच होता, पण सभ्य विक्रम होता. साहेबांनी तो आनंदानं स्वीकारला आणि वर चौकट पाठवली.

सोमवारी मुलीनं मूळ वह्या मागितल्या. "नकला आहेत माझ्याकडे, पण आराखड्याला मूळ वहीचा फोटो जोडते. समितीला बरं वाटतं."

मी शिलाई मशीनपाशी गेलो, खाली वाकलो आणि बराच वेळ खण ओढल्यासारखं केलं. "अडकलाय," मी सांगितलं. "दमटपणा. लाकूड फुगलं."

"मी बघू?"

"नको. मूठ हातात येईल. उद्या बघतो."

मंगळवारी सकाळी चहा घेऊन येतो तर ही मशीनपुढे मांडी घालून बसलेली. हातात तेलाची लांब नाकाची बाटली. खणाच्या दोन्ही कडांना तिनं शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं आणि तो एका बोटानं आत-बाहेर करत होती.

"सुटला," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "अडकला नव्हता तसा."

वह्या तिनं बाहेर काढल्या नाहीत. मोजेही हलवले नाहीत. खण अर्धा उघडा ठेवून उठली आणि गेली. दिवसभर तो तसाच उघडा होता. घरात कुणीतरी तोंड उघडून बसावं आणि काही बोलू नये, तसा. मी तिथून जाताना दर वेळी भिंतीकडे तोंड करून जात होतो. भिंतीवर चौकट होती. त्या दिवशी माझ्या प्रथमच लक्षात आलं की तिच्या काचेवर बोटभर धूळ आहे. आमच्या घरात धूळ नसते. ही रेडिओच्या मागची पट्टीसुद्धा काडीला कापड गुंडाळून पुसते. चौकट मात्र, मी इतकी वर्षं समजत होतो, तिच्या हाताला येत नाही.

मुलगी टेबलाशी बसून दाढीशी फोनवर बोलत होती. "दोर साठ मीटरचे दोन घे. हो, मला माहितीये तिथले दगड सुटे आहेत. मग काय करणार? तळ्याची खात्री झाली तर सगळंच बदलतं. तळं फुटणं म्हणजे अपघात, पुन्हा होईलच असं नाही. मग धोक्याची रेघ बेकरीच्या पायरीखाली येते आणि बालवाडी रेघेच्या बाहेर राहते. हो, तिथेच राहू द्यायची मग शाळा. आणि तळं नसेल तर? तर तो नुसता पाऊस होता, आणि पाऊस म्हणजे सवय, तो परत येणार. पण तेवढा पाऊस वहीत नाहीये ना. बाबांच्या वहीत नाही म्हणजे पडलाच नाही."

मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. विचित्र गोष्ट अशी की माझ्यावर कुणी अविश्वास दाखवला असता तर मी शांत राहिलो असतो. आयुष्यभर तयारी त्याचीच होती. पोरीनं विश्वास टाकला आणि मला पाठीत कळ आली. खरं सांगितलं तर तो विश्वास जाणार. नाही सांगितलं तर ती दोराला लटकून, जे कधी नव्हतंच ते शोधायला घळीत उतरणार, आणि खाली बालवाडीतली तीसेक पोरं चुकीच्या रेघेच्या भरवशावर बसून गाणी म्हणणार. असा हिशेब मांडला तर उत्तर सोपं दिसतं. पण उत्तर दिसणं निराळं आणि जिभेवर येणं निराळं. मंगळवारचा दिवस माझा त्या दोन्हींच्या मध्ये गेला.

बुधवारी साडेआठला मी मापकापाशी गेलो. आकाश निरभ्र होतं. मुलगीही मागोमाग आली, हातात चहाचा कप. "मोजपात्र मी धरते," म्हणाली. बाटली उपडी केली. काहीच आलं नाही. मी वहीत शून्य लिहिलं.

"शून्यसुद्धा किती जपून लिहिता, बाबा." ती हसली. "आराखडा झाला. बाराला पाठवते. घळीसाठी एक जोखमीचा फॉर्म भरावा लागला. काही झालं तर कुणाला कळवायचं, तिथे तुमचं नाव टाकलंय."

मी टोपण पेनाला लावलं. लागलं नाही. पुन्हा लावलं.

"सातवं कलम काढून टाक," मी म्हणालो.

"का?"

"घळीत तळं नव्हतं. तो पाऊसच होता. आकडा मी बदललाय, ब्लेडनं. नकलेत दिसणार नाही. वहीत दिसेल, तिथे कागद पातळ झालाय."

मला वाटलं होतं, ती विचारेल, का. उत्तर तयार होतं, त्यात साहेब होते, शेरा होता, माझं तिसरं वर्ष होतं. तिनं ते विचारलंच नाही.

"किती होता?" तिनं विचारलं.

"दोनशे सत्तेचाळीस."

ती कप पायरीवर ठेवून आत गेली. मी मापकापाशी उभा राहिलो. आतून कळा दाबल्याचा आवाज येत होता, मग काही वेळ तोही नाही. दहा मिनिटं झाली असतील. पर्जन्यमापकाजवळ उंच काही असू नये हा नियम मी त्या दहा मिनिटांत पाचेक वेळा मोडला, कारण पायरीवर बसलो तरी बसवत नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कागद होता. "चौदा सेंटीमीटर," ती म्हणाली. "लाल रेघेच्या खाली चौदा सेंटीमीटर येतं पाणी. एवढं." तिनं अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली, तिच्या हाताची वीत जरा लहानच आहे. "अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या पुराला एवढं जुळत नाही कधी. हे कुणी मोजलं होतं? तुम्ही तर शहरात अडकला होतात."

"आईनं," मी म्हणालो. "आणि तू."

मग मी तिला दाण्यांचं सांगितलं. वाटीचं, पायरीचं, आत्ता तिनं कप ठेवला होता त्याच पायरीचं. आई ओतायची आणि ती एक दाणा टाकायची, ओतलं की एक, ओतलं की एक. बारा झाले तरी तिला दहाच येत होते, पण वाटी बरोबर होती.

ती ऐकत होती. नंतर खाली बसली आणि पायरीवरून हात फिरवला, जसं काही तिथे अजून एखादा दाणा असेल.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

"पाच वर्षांची होतीस."

"म्हणजे मी आयुष्यात पहिल्यांदा मोजलं ते बरोबर होतं."

"हो."

"आणि तुम्ही ते खोडलंत."

"हो."

 खालच्या बाजूनं ओढ्याचा आवाज येत होता, या दिवसांत येतो तेवढाच बारीक. तिनं डोळे पुसले, मनगटानं, लहानपणी पुसायची तसे. मग सरकारी आवाज काढला. तिचा सरकारी आवाज अगदी माझ्यासारखा आहे.

"अकरा हजार तीनशेच्या वर वाचनं आहेत तुमची. आणखी किती बदलली?"

"एकही नाही."

"मी यावर विश्वास कसा ठेवू?"

"ठेवू नकोस," मी म्हणालो. "तपास."

ती आत गेली. परत आली तेव्हा आराखड्याचं पान घेऊन आली आणि माझ्यासमोर धरलं. सातवं कलम बदललेलं होतं. घळ गेली होती, दोर गेले होते. त्या जागी होतं, 'निरीक्षकाच्या मूळ वह्यांची पानोपान पडताळणी, निरीक्षकास समोर बसवून. कालावधी एक महिना.' खाली बारीक अक्षरात, 'पुराच्या दिवसाचे वाचन २४७ मि.मी. ग्राह्य धरावे. निरीक्षक, पोस्टमास्तरांच्या पत्नी. सहायक, त्यांची कन्या, वय ५.' आणि बालवाडी धोक्याच्या रेघेच्या आत घेतली होती. म्हणजे ती आता तिथून वर हलणार.

"महिनाभर रोज बसायचं," ती म्हणाली. "मी एकेक पान उलटणार आणि तुम्ही सांगायचं. खोटं बोललात तर मला कळेल."

"जेवण?"

"मांडीवर."

महिनाभर लेक घरी राहणार होती. शिक्षा भोगताना चेहरा कसा ठेवावा हे मला कळेना, म्हणून मी मापकाकडे बघत राहिलो.

राहिली होती ही. ती घरामागून येत होती, हातात पिळलेल्या कपड्यांची बादली. मी ठरवलं, आता अर्धवट नको. मी पुढे झालो आणि मनाशी अठ्ठावीस वर्षं लिहून ठेवल्यासारखं भाषण सुरू केलं. म्हणालो, "ऐक. मी तुझ्यावर अन्याय केला. नुसता तुझ्यावर नाही, विज्ञानावर, या डोंगरावर. तुझा हात खरा होता आणि माझं ब्लेड खोटं. मोठ्या साहेबांना मी भ्यालो आणि तुला नाही भ्यालो, ही माझी सगळ्यात मोठी चूक. त्या चौकटीत तुझं नाव असायला हवं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"दोनाचा एक केलात ते. दुसऱ्याच दिवशी बघितलं. दुधावर लक्ष होतं म्हणून काय, वहीवर नव्हतं?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही सांगाल म्हटलं." तिनं बादली खाली ठेवली. "चौकट पुसायची तेवढी सोडून दिली."

 मुलीनं माझ्या पाठीवर हात ठेवला, मग आईच्या. आम्ही तिघं त्या अंगणात मापकाभोवती उभे होतो, ज्या अंगणातून एका डोंगराचं, एका पुलाचं आणि तीसेक पोरांचं नशीब त्या सकाळी बदललं होतं. मला वाटलं, आता ही रडेल, आणि मग मलाही रडता येईल.

"मोजणीबाई," ही म्हणाली, "मापकापासून उंच वस्तू किती लांब हवी गं, त्या पुस्तकात?"

"उंचीच्या दुप्पट, आई. का?"

"कपड्यांची दोरी किती उंच असते?"

"पाच फूट असेल."

"म्हणजे दहा फूट लांब." तिनं अंगणाच्या उन्हाच्या कडेला पाहिलं. चाळीस फूट तरी असेल. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. "तिकडे खुंट्या ठोकून द्या मला. बादलीत मोजे आहेत."